स्तनातील गाठींवर सुईवाटे होणारे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनात गाठ असल्याचे कळले की पुढचा शब्द बहुतेक वेळा ‘ऑपरेशन’ हाच कानावर येतो. काही ठराविक गाठींसाठी मात्र त्वचेला काही मिलिमीटरचा छेद देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून, सुईवाटे गाठ काढून घेण्याचे किंवा ती जागच्या जागी नष्ट करण्याचे मार्ग आता उपलब्ध आहेत. हे मार्ग कोणासाठी योग्य आहेत, कोणासाठी नाहीत आणि त्यांच्याबद्दल खात्रीने काय सांगता येते, याची माहिती येथे दिली आहे. प्रत्यक्ष निर्णय आपले अहवाल पाहणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

या उपचारात नेमके काय केले जाते?

यात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिल्या प्रकारात गाठ शरीराबाहेर काढली जाते. जाड सुईतून निर्वात दाबाच्या साहाय्याने तिचे तुकडे एकामागून एक ओढून घेतले जातात. दुसऱ्या प्रकारात गाठ बाहेर येतच नाही. तिच्या मध्यभागी सुई नेऊन अतिथंड किंवा अतिउष्ण तापमानाने तेथील पेशी मारल्या जातात आणि मृत ऊती पुढच्या काही महिन्यांत शरीर हळूहळू शोषून घेते. या दुसऱ्या प्रकाराला अॅब्लेशन म्हणतात.

दोन्हींमध्ये डॉक्टरांना गाठ डोळ्यांनी दिसत नाही आणि बोटांनी चाचपताही येत नाही. दिसते ती तिची प्रतिमा. त्यामुळे जे प्रतिमेत उमटते त्यावरच उपचार होतो आणि जे उमटत नाही ते मागे राहते. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

कोणत्या प्रतिमा वापरतात?

बहुतेक वेळा सोनोग्राफी. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो आणि सुई पुढे सरकताना त्याच क्षणी पडद्यावर दिसते. काही विकृती सोनोग्राफीत दिसत नाहीत, पण मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेमध्ये) चुन्याच्या बारीक कणांच्या रूपाने दिसतात. तेथे दोन कोनांतून घेतलेल्या मॅमोग्राफीच्या चित्रांवरून जागा मोजून सुई नेली जाते. फक्त एमआरआयमध्येच दिसणाऱ्या जागेसाठी एमआरआयचा आधार घ्यावा लागतो.

गाठ कर्करोगाची नाही असे कळले, तर उपचार करायलाच हवा का?

बहुतेकदा नाही, आणि हे उत्तर मोकळेपणाने द्यायला हवे. तरुण स्त्रियांच्या स्तनात सर्वाधिक आढळणारी घट्ट, हातात सरकणारी गाठ म्हणजे फायब्रोअॅडिनोमा. ती कर्करोगाची नसते. अशा अनेक गाठी वर्षानुवर्षे आहे तेवढ्याच राहतात, काही आपोआप लहान होतात आणि रजोनिवृत्तीनंतर पुष्कळशा आक्रसतात. सोनोग्राफीत सौम्य लक्षणे दिसत असतील आणि बायोप्सीचा निष्कर्षही तसाच असेल, तर ठराविक काळाने तपासणी करत राहणे हा पूर्णपणे योग्य मार्ग आहे.

गाठ दुखत असेल, वाढत असेल, स्तनाचा आकार बिघडवत असेल किंवा तिच्या नुसत्या असण्याने रुग्णाची झोप उडत असेल, तर उपचाराचा विचार करावा. शेवटचे कारण काही डॉक्टर हसण्यावारी नेतात, पण ते खरे कारण आहे आणि ते सांगताना रुग्णाने संकोच करू नये.

येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. फायलॉइड्स ट्यूमर नावाची गाठ सोनोग्राफीत आणि कधी कधी बायोप्सीतसुद्धा हुबेहूब फायब्रोअॅडिनोमासारखी दिसते. ती पुन्हा उद्भवू शकते आणि तिचे काही प्रकार घातक असतात. म्हणून झपाट्याने वाढणारी किंवा अहवालात शंका नोंदवलेली गाठ सुईने गोठवून टाकू नये. ती शस्त्रक्रियेने अखंड काढून तपासणेच योग्य ठरते.

निर्वात दाबाच्या सुईने गाठ कशी काढतात?

ही पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुळात बायोप्सीसाठी आली. नेहमीच्या कोअर बायोप्सीची, म्हणजे तपासणीसाठी ऊतीचा बारीक तुकडा काढण्याची, सुई साधारण २ मिलिमीटर जाडीची असते. गाठ काढण्यासाठी वापरली जाणारी सर्वांत जाड सुई सुमारे साडेचार मिलिमीटरची असते. जागा बधिर केल्यावर ही सुई गाठीच्या बरोबर खाली नेऊन ठेवतात. सुईच्या एका बाजूला खाच असते. निर्वात दाबाने गाठीचा भाग त्या खाचेत ओढला जातो, आतले फिरते पाते तो कापते आणि तुकडा नळीतून मागच्या कप्प्यात येऊन पडतो. सुई बाहेर न काढता हे पुन्हा पुन्हा करता येते. गाठीची काळसर आकृती पडद्यावर तळापासून वरपर्यंत कमी होत जाते आणि शेवटी तेथे फक्त सुईची रेघ उरते. यंत्राचा आवाज बराच होतो. त्याची कल्पना आधी दिलेली असली म्हणजे रुग्ण दचकत नाही.

साधारण २ ते ३ सेंटिमीटरपर्यंतच्या सौम्य गाठींसाठी आणि पेशी संशयास्पद असलेल्या काही लहान विकृतींसाठी ही पद्धत उपयोगी आहे. तिचा मोठा फायदा म्हणजे काढलेले सगळे तुकडे पॅथॉलॉजिस्टकडे जातात, त्यामुळे निदानाची खातरजमा होते. मर्यादा अशी की गाठ तुकड्यांत येत असल्याने तिच्या कडा मोकळ्या आहेत की नाहीत, म्हणजे विकृती काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत पोहोचली होती का, हे सांगता येत नाही. सिद्ध झालेल्या कर्करोगासाठी ही पद्धत अजून प्रस्थापित उपचार मानली जात नाही त्यामागे हेही एक कारण आहे. तपासणी मोहिमेत सापडलेल्या लहान, कमी जोखमीच्या कर्करोगांसाठी ती शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकते का, याची तुलना ब्रिटनमधील ‘स्मॉल’ नावाच्या चाचणीत केली जात आहे.

गाठ गोठवतात म्हणजे काय करतात?

या उपचाराला क्रायोअॅब्लेशन म्हणतात. सुईच्या टोकाला थंडी निर्माण करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत जास्त दाबाखालचा आर्गॉन वायू टोकाशी एकदम प्रसरण पावतो आणि त्यामुळे थंड होतो. दुसरीत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन सुईच्या आतल्या बंद मार्गातून फिरवला जातो. वायू किंवा द्रव शरीरात शिरत नाही, फक्त सुईचे टोक थंड होते आणि त्याभोवती बर्फाचा गोळा तयार होऊ लागतो.

पेशी मरतात त्या अनेक कारणांनी. पेशींबाहेर बर्फाचे स्फटिक झाले की आतले पाणी बाहेर ओढले जाते. सुईच्या लगत तापमान फार वेगाने उतरते, तेथे पेशीच्या आतच बर्फ होऊन तिचे आवरण फाटते. बर्फ वितळताना पाणी परत आत शिरून पेशी फुगतात आणि फुटतात. आणि त्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या गोठून बंद पडल्याने जे तगले असते त्याचाही रक्तपुरवठा तुटतो. म्हणून एकदा गोठवणे, मग वितळू देणे आणि पुन्हा गोठवणे असा क्रम ठेवतात. सुई टोचण्यापासून ती काढेपर्यंत बहुधा तासापेक्षा कमी वेळ लागतो.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बर्फाची जवळची कड पांढऱ्या, चकचकीत कमानीसारखी दिसते आणि तिच्यामागे सगळे काळे होते, कारण ध्वनिलहरी बर्फातून पलीकडे जात नाहीत. ती कमान मिनिटामिनिटाला फुगत जाते. डॉक्टरांचे लक्ष दोन अंतरांवर असते. एक म्हणजे बर्फाची कड आणि गाठीची कड यांतील अंतर: कडेवर तापमान शून्याच्या आसपासच असते, तर पेशी खात्रीने मरायला उणे २० ते उणे ४० अंश लागतात, त्यामुळे गाठ बर्फाने नुसती झाकली जाऊन भागत नाही, तिच्या सर्व बाजूंनी साधारण १ सेंटिमीटर पुढे बर्फ जावा लागतो. दुसरे म्हणजे बर्फ आणि त्वचा यांतील अंतर. ते कमी होऊ लागले की बारीक सुईने दोहोंच्या मध्ये सलाइन सोडतात. पडद्यावर पाण्याची काळी पट्टी उमटते आणि त्वचा बर्फापासून अलगद वर उचलली जाते.

फायब्रोअॅडिनोमासाठी क्रायोअॅब्लेशनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये मान्यता दिली. गाठ सोनोग्राफीत स्पष्ट दिसणे, बायोप्सीने निदान पक्के असणे आणि तिचा आकार सुमारे ४ सेंटिमीटरच्या आत असणे या अटी तेथील स्तनशल्यचिकित्सकांच्या संघटनेने घातल्या आहेत.

उष्णतेने होणारे उपचार कोणते?

रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये सुईतून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडतात. मायक्रोवेव्हमध्ये लहरींमुळे ऊतीतील पाण्याचे रेणू तापतात. लेसरमध्ये प्रकाशतंतूतून उष्णता पोहोचवतात. गाठीतील प्रथिने गोठून पेशी मरतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हावा तसे. थंडीने जागा आपोआप बधिर होते, उष्णतेने मात्र दुखते, त्यामुळे येथे अधिक भूल द्यावी लागते. शिवाय बर्फाची कड जशी पडद्यावर ठळक दिसते तशी तापलेल्या भागाची दिसत नाही. जपानमध्ये एकच गाठ आणि तीही दीड सेंटिमीटरपर्यंतची असलेल्या प्रारंभिक स्तनकर्करोगासाठी रेडिओफ्रिक्वेन्सीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

उच्च तीव्रतेच्या केंद्रित अल्ट्रासाउंडमध्ये सुईदेखील लागत नाही. भिंगाने ऊन एका बिंदूवर आणावे तसे ध्वनिलहरी शरीराबाहेरून एका बिंदूवर आणल्या जातात. एमआरआयखाली हा उपचार केल्यास तापमानाचे मोजमाप त्याच वेळी करता येते. त्याला वेळ बराच लागतो आणि कर्करोगासाठीचा त्याचा पुरावा अजून तोकडा आहे.

कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेविना अशी बरी होते का?

काही निवडक रुग्णांत हा पर्याय आता विचारात घेतला जातो. ‘काही निवडक’ हे शब्द येथे औपचारिकता म्हणून घातलेले नाहीत.

आधी तुलना कशाशी करायची ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी सगळे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली आणि ती अनेक दशके टिकली. पुढे इटली आणि अमेरिका येथील दोन मोठ्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन राखून फक्त गाठ काढली आणि रेडिएशन दिले, तरी रुग्ण तितकेच जगतात, हे त्यांतून सिद्ध झाले. गाठ काढण्याची आजची शस्त्रक्रिया लहान असते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. सुईच्या उपचाराची बरोबरी करायची आहे ती या शस्त्रक्रियेशी, आणि ती अत्यंत चांगली आहे.

सुईच्या बाजूने दोन अभ्यासांचा उल्लेख करावा लागतो. पहिल्या अमेरिकी अभ्यासात २ सेंटिमीटरपर्यंतच्या ८७ कर्करोगाच्या गाठी गोठवल्या आणि नंतर शस्त्रक्रियेने काढून तपासल्या. लक्ष्य केलेल्या जागी ९२ टक्के गाठींत जिवंत कर्करोग उरला नव्हता आणि १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींत तर तो एकाही ठिकाणी सापडला नाही. पण याच अभ्यासात गोठवलेल्या जागेच्या बाहेर, प्रतिमांमध्ये न दिसलेला कर्करोगही काही स्तनांत आढळला. तो मोजला तर यश सुमारे ७६ टक्क्यांवर येते. या दोन आकड्यांमधला फरक प्रत्येक रुग्णाने समजून घ्यावा. सुईने आपले काम चोख केले होते. कमी पडली ती प्रतिमा.

दुसऱ्या, ‘आइस ३’ नावाच्या अभ्यासात ६० वर्षे आणि त्यावरील १९४ स्त्रियांच्या दीड सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी गोठवून पुढे शस्त्रक्रिया केलीच नाही. सगळ्या गाठी संथ वाढणाऱ्या, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या आणि हर-टू निगेटिव्ह (पेशींची वाढ वेगवान करणारे हर-टू हे प्रथिन जास्त प्रमाणात नसलेल्या) होत्या. ५ वर्षांत त्याच स्तनात कर्करोग परत येण्याचे प्रमाण सुमारे ४.३ टक्के राहिले. हा निष्कर्ष आश्वासक आहे, मात्र यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तुलनेसाठी गट नव्हता. २०२५ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ७० वर्षे आणि त्यावरील स्त्रियांच्या दीड सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या कर्करोगासाठी, हार्मोनविरोधी औषधांच्या जोडीने, क्रायोअॅब्लेशनला परवानगी दिली.

उपचाराआधी इतक्या तपासण्या कशासाठी?

या पानावर सर्वांत जास्त भर द्यावासा वाटतो तो याच उत्तरावर. शस्त्रक्रियेत गाठ अखंड हाती येते. तिचा खरा आकार, प्रत (पेशी किती आक्रमक दिसतात याची श्रेणी), हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर, हर-टू, कडा हे सारे नंतर निवांत तपासता येते. गाठ गोठवली किंवा जाळली की ही सगळी माहिती तिच्याबरोबर नष्ट होते. म्हणून जी माहिती हवी ती आधीच्या कोअर बायोप्सीतूनच मिळवावी लागते आणि त्या नमुन्यात पुरेशी ऊती असावी लागते. फक्त बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी येथे पुरेशी नाही.

मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बहुतेकदा एमआरआय यांवरून गाठ एकच आहे का, प्रतिमांत दिसणारा तिचा आकार एकमेकांशी जुळतो का, हे पाहिले जाते. बायोप्सीचा निष्कर्ष आणि प्रतिमेचे रूप यांचा मेळ बसला नाही, म्हणजे प्रतिमा संशयास्पद आणि अहवाल मात्र निर्धोक असे झाले, तर बायोप्सी पुन्हा करावी. ‘आधी गोठवून टाकू, मग पाहू’ असे कोणी सुचवल्यास नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

हा उपचार कोणासाठी योग्य नाही?

एकाच स्तनात कर्करोगाच्या अनेक गाठी असतील, गाठ मोठी असेल किंवा सोनोग्राफीत तिच्या कडा स्पष्ट नसतील, तर सुईचा मार्ग सोडून द्यावा. दुग्धनलिकांच्या आतच पसरलेला कर्करोग बहुधा चुन्याच्या कणांवरूनच ओळखू येतो आणि त्याची खरी व्याप्ती सोनोग्राफीला कळत नाही. लोब्युलर प्रकारचा (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतून सुरू होणारा) कर्करोगही प्रतिमेत दिसतो त्यापेक्षा बराच पसरलेला असू शकतो. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू यांपैकी काहीच नसलेल्या) किंवा हर-टू पॉझिटिव्ह गाठी वेगाने वाढतात, शिवाय त्यांच्या उपचाराचा क्रम वेगळा असतो. गाठ त्वचेला किंवा स्तनाग्राला चिकटलेली असल्यास त्वचा वाचवणे कठीण जाते. थंडीने रक्तात दोष निर्माण करणारे काही दुर्मीळ आजार असलेल्यांवर क्रायोअॅब्लेशन करू नये.

कर्करोग इतर अवयवांत पसरलेला असताना किंवा वय व हृदयविकारामुळे पूर्ण भूल धोक्याची असताना, स्तनातील गाठीचा त्रास आटोक्यात ठेवण्यासाठी हे उपचार कधी कधी केले जातात. तेथे हेतू वेगळा असतो आणि तो कुटुंबाला स्पष्ट सांगितलेला असावा.

गाठ गोठवल्यावर रेडिएशन, गोळ्या आणि काखेतील ग्रंथींची तपासणी टळते का?

आपोआप टळत नाही. अॅब्लेशन हा गाठीपुरता उपचार आहे. उरलेल्या स्तनाचा, काखेचा आणि शरीराचा विचार कर्करोगाच्या स्वरूपावरून होतो. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात ५ वर्षांच्या गोळ्या हा उपचाराचा कणा आहे.

रेडिएशनबाबत ब्रिटनमधील ‘प्राइम टू’ चाचणी मार्गदर्शक आहे. ६५ वर्षे व त्यावरील कमी जोखमीच्या स्त्रियांत शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन वगळले, तर १० वर्षांत त्याच भागात कर्करोग परतण्याचे प्रमाण ९.५ टक्के आणि दिले तर ०.९ टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही. हे आकडे शस्त्रक्रियेनंतरचे आहेत, गोठवण्यानंतरचे नाहीत, हे लक्षात ठेवूनच त्यांचा आधार घ्यावा. काखेच्या बाबतीत, सोनोग्राफीत ग्रंथी निर्दोष दिसत असलेल्या लहान कर्करोगांत ग्रंथी काढून तपासणे टाळता येते, असे अलीकडच्या मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. तरीही हा निर्णय शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट आणि ऑन्कॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घ्यावा.

दुखते का? किती दिवस विश्रांती लागते?

गोठवण्याचे आणि निर्वात दाबाचे उपचार बहुधा फक्त जागा बधिर करून होतात. बधिर करण्याचे इंजेक्शन चुरचुरते, नंतर दाब आणि ताण जाणवतो. छेद लहान असल्याने टाके लागत नाहीत, चिकटपट्टी पुरते. निर्वात दाबाच्या उपचारानंतर दहा-पंधरा मिनिटे जागा घट्ट दाबून धरतात. ही मिनिटे घाईत उरकू नयेत, कारण रक्त साकळणे हाच येथील मुख्य त्रास आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधीच सांगावीत आणि स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. नेहमीची कामे एक-दोन दिवसांत सुरू करता येतात. जड उचलणे आठवडाभर टाळावे.

उपचार होऊनही गाठ हाताला लागते. काही चुकले का?

अॅब्लेशननंतर हे अपेक्षितच आहे, आणि ते आधी न सांगितल्यामुळे अनेक जणी विनाकारण धास्तावतात. गोठवलेला भाग गाठीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे जागा पूर्वीपेक्षाही मोठी आणि कडक लागते. सूज व निळसरपणा आधी ओसरतो. मृत ऊती शोषली जायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. मागे चरबीची टणक खूण किंवा तेलकट द्रवाची लहान पिशवी उरू शकते आणि मॅमोग्राफीत ती वर्षानुवर्षे दिसते. जागा काही महिन्यांनी लहान होण्याऐवजी वाढू लागली, तर मात्र थांबू नये.

ताप, पू, वाढती लाली किंवा त्वचेवर फोड आल्यास लगेच दाखवावे. थंडीने किंवा उष्णतेने त्वचा भाजणे हा विरळा, पण खरा धोका आहे.

सुई टोचल्याने कर्करोग पसरतो का?

ही भीती फार जुनी आहे आणि तिच्यापायी निदान लांबणीवर पडते. सुईच्या मार्गात काही पेशी सरकल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकते, पण त्या बहुतांशी जगत नाहीत. त्या मार्गात कर्करोग वाढणे अत्यंत विरळ आहे. बायोप्सी टाळण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

पुढील तपासण्या कशा असतात?

गाठीच्या जागी बहुधा धातूची बारीक क्लिप ठेवली जाते. ती दुखत नाही, हाताला लागत नाही आणि पुढच्या प्रत्येक चित्रात नेमकी जागा दाखवते. सौम्य गाठीनंतर साधारण ६ आणि १२ महिन्यांनी सोनोग्राफी पुरते. कर्करोगावर अॅब्लेशन झाले असल्यास मॅमोग्राफी आणि एमआरआय ठरलेल्या वेळी करावेच लागतात, कारण कडा तपासलेल्या नसतात आणि काही उरले असल्यास ते याच तपासण्यांतून कळणार असते. दर वेळी जुनी चित्रे बरोबर न्यावीत. उपचाराची तारीख, पद्धत आणि स्तनातील जागा लिहिलेला कागद जवळ ठेवावा. ती माहिती नसलेल्या रेडिओलॉजिस्टला तीच जागा नव्या कर्करोगासारखी भासू शकते.

गाठ पुन्हा आली तर?

आधी बायोप्सी, कारण मृत चरबीची खूण आणि परतलेला कर्करोग प्रतिमेत सारखे दिसू शकतात. सौम्य गाठीचा अंश उरून वाढला असेल, तर पुन्हा सुईने किंवा शस्त्रक्रियेने तो काढता येतो. कर्करोग परतला असेल, तर शस्त्रक्रियेचा मार्ग खुला असतो; आधी केलेल्या अॅब्लेशनमुळे तो बंद होत नाही, आणि त्या वेळी गाठ अखंड हाती येत असल्याने पहिल्यांदा न मिळालेली माहितीही पॅथॉलॉजिस्टला मिळते.